खळ लावलेली डोलकाठी

आमच्या घरात बर्फ एकदाच आला. गोळेवाल्याच्या गाडीवरचा, लग्नातल्या सरबतातला बर्फ सगळ्यांनीच पाहिलेला असतो, तो सोडा. हा लाद्यांनी आला, हातगाडीवरून, पोत्यात आणि लाकडाच्या भुशात गुंडाळून, आणि अम्माच्या दोन्ही बाजूंना रचला गेला. दिवस वैशाखाचे. ज्यानं सोलापूरचं ऊन सोसलंय त्याला पुढचं सांगायला नको. आम्ही पद्मशाली, घरात बोलणं तेलुगू. आईला अम्मा, बापाला नायना आणि थोरल्या भावाला अन्ना. तर अन्ना स्वीडनहून यायचा होता. त्याला तार गेली होती, आणि मुलानं तोंड पाहिल्याशिवाय तिला न्यायची नाही असं नायनानं ठरवलं होतं. लाद्या विरघळत होत्या, नव्या येत होत्या. पाणी फरशीवरून उंबऱ्याशी जात होतं आणि उंबऱ्यावरून गटारीत. नायना भिंतीला टेकून त्या पाण्याकडे बघत बसला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तो उठला आणि म्हणाला, "उचला." अन्ना पोचला त्याच्यानंतरच्या दिवशी. दारात बॅग घेऊन उभा राहिला. नायनानं त्याच्याकडे एकदा पाहिलं, आत गेला आणि मागावर बसला. माग बंद होता, हातात धोटा नव्हता, नुसताच बसला. दिवसकार्य उरकून अन्ना परत गेला तोपर्यंत बापलेकात एक शब्द झाला नाही.

त्यानंतरचं वर्ष कसं गेलं ते मला विचारू नका, म्हणजे विचारलंत तरी सांगण्यासारखं काही नाही. मी सतरा वर्षांची होते, शाळा सुटली होती, आणि घरात मी, नायना आणि माग. समोरच्या कारखान्यात पॉवरलूमची खडखड दिवसभर, आमच्याकडे हातमागाची खटक्-खटक्, आणि या दोन आवाजांच्या मध्ये माणसाचा आवाज म्हणून नाही. सकाळी ज्वारीच्या भाकऱ्या टाकायच्या, अंबाडीची भाजी, लसणीची फोडणी. नायना जेवायचा, ताट सारायचा, उठायचा. मीठ कमी पडलं तरी बोलायचा नाही. मी एकदा मुद्दाम भाजीत मीठच घातलं नाही. गपचूप खाल्ली की त्यानं! मग मीच चिडून मिठाची बरणी त्याच्या पुढ्यात आपटली, तर म्हणाला, "असू दे." मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. अळणी भाजीसाठी रडणारी मुलगी सोलापुरात मी एकटीच असेन. अम्माचं आणखी एक काम माझ्याकडे आलं होतं, ते म्हणजे खळ शिजवायचं. सूत मागावर चढवायच्या आधी त्याला पिठाची खळ लावतात, म्हणजे धागा ताठ होतो, तुटत नाही, त्याची कुसं निघत नाहीत. अम्माच्या खळीचं गल्लीत नाव होतं. ज्वारीचं पीठ, ताकासारखं पातळ, आणि शेवटी चमचाभर शेंगतेल. ती शिजली की तिचा एक आंबूस गोड वास घरभर व्हायचा. तो वास आला की मला वाटायचं अम्मा चुलीशीच आहे, आणि वळून बघितलं की चुलीशी मीच असायचे.

पुढच्या वैशाखात अन्ना वर्षश्राद्धाला आला आणि या खेपेला चांगली लांब सुट्टी काढून आला. अंगानं वाळला होता, तोंड मात्र लालबुंद, सोललेल्या बिटासारखं. आणि पहिल्या दिवसापासून माझी नोकरी सुरू झाली. नायना म्हणायचा, "अंबू, त्याला विचार, पाणी तापवायचं का." अन्ना माझ्या शेजारीच बसलेला असायचा. अन्ना म्हणायचा, "अंबू, सांग, गार पाणीच चालेल." आणि नायना तिथंच, दीड हातावर! मी सुरुवातीला इकडचं तिकडं पोचवलंसुद्धा, मूर्खासारखं. मग एक दिवस म्हटलं, "मी काय टेलिफोनची तार आहे का? तोंडं दिलीत ना देवानं?" मग नायना म्हणाला, "अंबू, त्याला सांग, भाकरी गार होतेय." आता हसू येतं. तेव्हा माझा एकच ध्यास होता: अन्ना पुन्हा जायच्या आत या दोघांनी एकमेकांशी एकदा तरी तोंडातोंडी बोलावं. कारण या वेळी न बोलता गेला तर तो पुन्हा येणार नाही हे मला कळत होतं, आणि मग त्या दोन आवाजांच्या घरात मी जन्मभर अळणी भाजी खात बसणार होते.

जेवताना अन्ना मला तिथल्या गोष्टी सांगायचा. सांगायचा मला, पण आवाज पार मागाच्या खोलीपर्यंत जाईल एवढा. तो राहतो तिथं गावाला लागून मोठं तळं आहे, हिवाळ्यात ते सगळं गोठतं, इतकं की वरून मोटार जावी. आणि त्या बर्फावर लोक शिडाच्या होड्या पळवतात. होडीला खाली लोखंडाची तीन पाती असतात, वर डोलकाठी आणि शीड. वारा भरला की अशी सुटते की आगगाडी मागं पडेल. शर्यती लावतात. अन्नानंही एक होडी घरीच बनवली होती, फळ्या जोडून, पण गेल्या हिवाळ्यात वाऱ्यानं तिची डोलकाठी मोडली. आता नवी करायची ती आतून पोकळ, हलकं लाकूड आणि वरून काचेच्या दोऱ्याचं कापड, त्यात रेझिन, म्हणजे वाळला की दगड होणारा चिकट रस, जिरवायचं. लाकूड आणि काच एकजीव झाली की काठी वाऱ्यात वाकते पण मोडत नाही. "पण कापडाला जोड नको," अन्ना म्हणाला. "जोड असला की तिथंच फाटतं. सलग नळीच पाहिजे, पायमोज्यासारखी. अंबू, तुला माहितीय का, अशी नळी कोण विणतं?" मला काय, अख्ख्या गल्लीला माहीत होतं. सोलापुरी चादरीत कापडाचे दोन पदर एकाच वेळी विणले जातात आणि नक्षीच्या जागी एकमेकांत अडकवतात. नक्षी न घालता नुसत्या दोन कडा जोडत गेलं की झाली नळी. नायना तरुणपणी तशा बिनशिवणीच्या पिशव्या विणायचा, लोक बघायला यायचे. तो आतल्या खोलीत भाकरी चावत होता. चावण्याचा आवाज थांबला होता हे मी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी नळावर पाणी भरताना मी अन्नाला आडवंच घेतलं. "असली नळी तुझ्या त्या देशात मिळत नाही?"

"मिळते."

"मग बॅगेत ते काचेच्या दोऱ्याचे शंकू कशाला? एवढ्या लांब सूत घेऊन का आलास?"

त्यानं घागर खांद्यावर घेतली, पुन्हा खाली ठेवली. "दुसरं काय मागू त्याच्याकडं? माफ कर म्हणून मागितलं तर देईल का? विणून दे म्हटलं तर कदाचित देईल."

त्याच्या बॅगेतून काचेच्या दोऱ्याचे दोन मोठे शंकू निघाले, पांढरे, रेशमासारखे झळाळणारे. त्यानं ते काही न बोलता मागाच्या खोलीत फळीवर ठेवून दिले. नायना दिवसभर तिकडे फिरकला नाही. संध्याकाळी बघते तर शंकूतून हातभर दोरा बाहेर आलेला आणि नायना तो दोन बोटांत धरून उजेडात फिरवत होता, मध्येच दातांत धरून ओढत होता. मला बघून म्हणाला, "अंबू, त्याला विचार, ही खरंच काच आहे?" मी म्हटलं, "खरंच काच आहे." "तुटत नाही म्हणजे? काच आणि तुटत नाही?" म्हातारा पुरता अडकला होता. मी तोंड मख्ख ठेवलं. जनावर दावणीला येत असताना टाळ्या वाजवायच्या नसतात.

मग काम निघालं. नायनानं ताणा, म्हणजे कापडाचे उभे धागे, काढला, आणि काढल्यावर काय करायचं हे आम्हाला कुणी सांगायला नको होतं. पहाटेच ताणा गल्लीत या खांबापासून त्या खांबापर्यंत ताणला, मी खळ शिजवली, अम्माच्या मापानं, चमचाभर शेंगतेल घालून, आणि नायनानं मोठ्या कुंच्यानं ती काचेच्या दोऱ्यांवर फिरवली. गल्ली पार करणाऱ्यानं ताण्याखालून वाकून जायचं, ही आमच्याकडची रीत. वळसंगहून दही घेऊन येणारी बाई डोईवरची बुट्टी सांभाळत वाकली आणि म्हणाली, "व्हय गं पोरी, हे कसलं सूत म्हणायचं? लई चमकतंय की!" मी म्हटलं, "काच हाय मावशी." ती म्हणाली, "काय बी बोलती," आणि गेली. अन्ना त्या वेळी एमआयडीसीत होता. तिथं कूलरचे फायबरचे डबे बनवणारा एकजण त्याला रेझिन देणार होता. तो आला तेव्हा ताणा वाळून मागावर चढलेला होता आणि नायना विणत होता. आमच्यात बिनखळीचं सूत मागावर चढवणं म्हणजे आंघोळ न करता देवघरात शिरणं. तेव्हा खळ लावली का, असं अन्नानं विचारलं नाही, आणि लावली असं आम्ही सांगितलं नाही. श्वास घेतला का, असं कुणी कुणाला विचारतं का?

लाकडाचं काम गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या हसनचाचांचं. त्यांनी लांब पातळ पट्ट्या रंधून, चिकटवून, आतून पोकळ अशी चपटी काठी करून दिली, गल्लीच्या रुंदीहून लांब. दर दहा मिनिटांनी विचारायचे, "अंबू बेटी, सच्ची बोल, ये नाव सिद्धेश्वर के तलाव में चलाते क्या?" मी सांगितलं, बर्फावर. तर म्हणाले, "सोलापूर में बरफ? धूप से दिमाग पिघल गया क्या तुमारा?" त्यांचंही चूक नव्हतं. पहिल्याच दिवशी अन्नानं मगात रेझिन घेतलं, त्यात ते घट्ट करणारं औषध घातलं, थंड देशातल्या मापानं, आणि कुंचा घेऊन वळतो तोवर मगातून धूर! रेझिनचा दगड झाला, मगासकट. मग औषध कमी केलं, काम पहाटेवर नेलं, आणि नायनानं विणलेली पांढरीशुभ्र नळी काठीवर चढवून त्यावर रेझिन फासलं. नळी काय सुरेख विणली होती! एक धागा इकडचा तिकडे नाही. नायना खिडकीतून बघत होता, बाहेर मात्र आला नाही.

काठी वाळली तेव्हा तिच्यावर जागोजाग दूध सांडल्यासारखे पांढरे डाग होते. अन्ना म्हणाला, उन्हानं असेल. दोन दिवसांनी त्यानं ती अंगणात दोन स्टुलांवर आडवी ठेवली आणि मधोमध वाळूची पिशवी टांगली. काठी वाकली. दुसरी पिशवी टांगली. आधी बारीक करकर ऐकू आली, मग फट्कन आवाज झाला आणि काचेचं कापड कांद्याच्या सालासारखं काठीवरून सुटून आलं. आतलं लाकूड तडकलं. अन्ना स्टुलाशेजारी खाली बसला. सोललेलं कापड त्यानं हातात घेतलं, चुरगाळलं, आणि त्यातून पांढरी भुकटी झडली. उन्हात तापलेल्या त्या कापडाला वास येत होता. मला आला, त्याला आला. आंबूस गोड. अन्नानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "खळ? अंबू, काचेला खळ लावलीत? त्याला लागतं ते कारखान्यातूनच लावून येतं. वर पीठ आणि तेल असल्यावर रेझिन धरणार कुठं? काचेला कोण खळ लावतं?"

तो हे मला विचारत होता. पण आतून माग थांबला आणि नायना दारात आला, हातात धोटा तसाच.

"मग काय बिनखळीचं चढवू मागावर?" तो ओरडला. "तुझ्या आजोबानं चढवलं होतं का रे कधी? तू विणकराच्या पोटचा, तुला आधी सांगता आलं नाही? तिकडं जाऊन एवढं विसरलास?"

मी जागच्या जागी थिजले. 'रे' म्हणाला होता. 'त्याला सांग' नव्हतं. अन्नाच्याही ते ध्यानात आलं, कारण त्याचं तोंड उघडंच राहिलं. आणि नायनाला मात्र आपण काय केलं ते कळलंच नाही; त्याच्या विणीचा अपमान झाला होता आणि एकदा तोंड उघडल्यावर वर्षभर साचलेलं सगळं बाहेर आलं. "बर्फावर होडी पळवतोस! बर्फावर! तिला मी बर्फावर ठेवली होती तुझ्यासाठी. पाणी त्या उंबऱ्यावरून वाहत होतं. मी म्हणत होतो, अजून एक लादी आणा, येईल माझा श्रीनू. आणि तुला त्याच बर्फावर खेळायला सुचतं?"

अन्नानं हातातलं सोललेलं कापड खाली ठेवलं. मला वाटलं, संपलं, आता हा उठून बॅग भरणार. मग तो खाली बघतच म्हणाला, "तार मिळाली त्याच दिवशी निघालो होतो, नायना. विमान चुकलं, पुढचं मिळेना. तिथं खुर्चीत बसून होतो, रात्रभर, तेव्हा मला पण माहीत होतं इथं ऊन किती असेल ते." हाताला लागलेली भुकटी झटकत म्हणाला, "खेळायची हौस नाही रे मला. हिवाळ्यात तिथं दुपारीच अंधार पडतो. कारखान्यातून खोलीवर यायचं आणि दार लावायचं. ये, जेवायला बस, म्हणणारं कुणी नाही. रविवारी तळ्यावर होडी नेली की चार माणसं नावानं हाक मारतात. तेवढ्यासाठी जातो."

नायना दाराची चौकट धरून उभा होता. "तिथं जेवायला काय असतं?" त्यानं विचारलं.

"बटाटे. पाव. खारवलेला मासा."

"रोज?"

"रोज."

नायना आत वळला. जाताना म्हणाला, "अंबू, चूल पेटव. शेंगाची चटणी कूट. आणि भाकऱ्या कडक करून बांधून देऊ, जायच्या वेळी." अन्नाला जायला अजून कितीतरी दिवस होते. मी चूल पेटवली. धुराचं निमित्त झालं आणि पोटभर रडून घेतलं, बरं वाटलं. पण भाकरी थापताना एक गोष्ट मनात आलीच. माझ्याशी तरी बोलायला कोण आहे, मला जेवायला बस कोण म्हणतं, हे त्या दिवशी कुणी विचारलं नव्हतं. त्यांच्या दुःखापुढं माझं काय, असं म्हणून मी ते पिठाबरोबर थापून टाकलं.

दुसरा शंकू बिनखळीचा विणला. काय छळ होता तो! काचेचे धागे पटापट तुटायचे, कुसं उडायची, हातभर खाज सुटायची. नायना मध्ये, एका बाजूला अन्ना, एका बाजूला मी, तुटलेली टोकं जोडायला. नायना अन्नाच्या गाठी बघायचा आणि म्हणायचा, "हात अजून विसरला नाहीस." माझी एक गाठ बघून म्हणाला, "ही गाठ आहे का बटाटा? दिसेल बघ ही." मी म्हटलं, "मग तूच मार." अन्ना हसला. "राहू दे गं. रेझिनमध्ये काही दिसत नाही." हळूहळू ते दोघं बोलायला लागले आणि मग थांबेनात. जुनं काय काय निघालं, कोण कुठल्या पेठेत राहायचं, कोणाचा माग कसा मोडला, अन्ना लहानपणी मागाच्या खड्ड्यात पडला होता ते. धोट्यावरून, माझ्या डोक्यावरून बोलणं इकडून तिकडे जायचं. मी वर्षभर ज्याची वाट पाहिली ते हेच होतं. आनंद झाला, खोटं कशाला बोलू. आणि त्याच वेळी वाटायचं, आता तारेचं काम संपलं, आता मला कुणी "अंबू, त्याला सांग" म्हणणार नाही. माणूस काय विचित्र असतं बघा. ज्या कामाचा वैताग होता तेच गेल्यावर हात रिकामे वाटतात.

हसनचाचांनी काठी पुन्हा करून दिली, कुरकुरत. नवी नळी तिच्यावर चढवली, पहाटे रेझिन फासलं, आणि या खेपेला नायना बाहेर येऊन शेजारी उकिडवा बसला होता. कुंचा फिरत गेला तशी त्याची पांढरी नळी दिसेनाशी व्हायला लागली. काचेत रेझिन पुरतं जिरलं की काच पाण्यासारखी होते, खालचं लाकूड लख्ख दिसतं, शीर न् शीर. नायना घाबराघुबरा झाला. "श्रीनू, कुठं गेलं? माझं विणलेलं कुठं गेलं?" त्यानं खरंच बोट लावून बघितलं आणि ते चिकटलं. अन्ना म्हणाला, "आहे तिथंच. नीट धरलं म्हणून दिसत नाही." नायनाला हे काही पटलं नाही. एवढी मेहनत करायची आणि दिसायची नाही, हा कुठला न्याय? दिवसभर तो कुरबुरत होता. पण वाळूच्या पिशव्या टांगल्या, एकीवर एक, काठी धनुष्यासारखी वाकली आणि पिशव्या काढल्यावर सरळ झाली, तेव्हा तोच पहिल्यांदा "ए!" म्हणून ओरडला. सगळ्या गल्लीनं ऐकलं. हसनचाचांनी काठीला हात लावून बघितला आणि म्हणाले, "अब बरफ का इंतजाम करो."

काठी लांब पेटीत घालून, चादरींच्या गाठोड्यांबरोबर, नायनाच्या ओळखीच्या व्यापाऱ्यानं बोटीनं पाठवली. अन्ना भाकऱ्या आणि चटणीचं गाठोडं घेऊन गेला. निघताना नायनाच्या पाया पडला, नायनानं त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि माझ्या डोक्यावर टपली मारून अन्ना म्हणाला, "नायनाला सांभाळ." मी सांभाळलं. तो मधूनमधून येत राहिला, मग कमी, मग फोनवर. तिकडं लग्न झालं त्याचं. मी बाहेरून परीक्षा देऊन शाळेत शिकवायला लागले, नायनासाठी रोज भाकरी टाकली, आणि माझ्या लग्नाचं पुढे ढकलता ढकलता ते गावाबाहेरच गेलं. पहिली, साल निघालेली डोलकाठी अंगणात दोन खांबांना बांधली होती, तडकल्या जागी बांबूचा तुकडा बांधून. तिच्यावर आम्ही धुणं वाळत घालायचो. शेजारणी म्हणायच्या, एवढी लांब दांडी कुठून आणली? आता कुणाला काय सांगायचं.

नायना गेला तो असाच, सकाळी, मागाशी. मी अन्नाला फोन लावला. त्याच्याकडे अजून उजाडलंही नव्हतं. तो म्हणाला, "अंबू, बर्फ आणू नको. माझी वाट बघू नका." मी "बरं" म्हटलं. त्याचंच शहाणपण होतं ते आणि मला ते पटलंही होतं, तरी फोन ठेवल्यावर त्याचा असा राग आला की सांगता सोय नाही. ये म्हणून सांगायचं माझ्याच तोंडून राहिलं होतं. नायनाला नेलं तेव्हा त्याचं धोतर त्या डोलकाठीवर वाळत होतं, आदल्या दिवशी मीच पिळून घातलेलं. परत आल्यावर काढून घडी घातली आणि ठेवून दिली.

आता मी साठी ओलांडली. माग विकला, ती खोली रिकामी आहे. समोर पॉवरलूमच्या जागी दुकानं झाली. घरात आवाज म्हणजे मिक्सरचा, तोही एकटीसाठी लावायचा कंटाळा येतो. अन्ना सत्तरीचा, बायको गेली, मुलं दुसऱ्या गावी. रविवारी व्हिडिओ कॉल करतो, तिथला बाहेरचा अंधार दाखवतो, मी इथलं ऊन दाखवते. गुडघ्यांमुळे होडी कधीच सोडली त्यानं. परवा म्हणाला, "थांब, एक दाखवतो," आणि फोन घेऊन कुठंतरी चालत गेला. लाकडी कोठार होतं, त्याच्या छताला दोरानं ती डोलकाठी टांगलेली. एवढी वर्षं उन्हात, थंडीत राहून तिचं अंग पिवळट झालं होतं. त्यानं फोन तिच्याजवळ नेला. "बघ."

मला आधी काही समजेना. मग दिसलं. वरचं रेझिन झिजलं होतं आणि खालून नायनाची वीण वर आली होती, उभे-आडवे धागे, एक इकडचा तिकडे नाही.

"अन्ना," मी म्हटलं, "त्याचं विणलेलं आलं की रे."

"थांब, अजून आहे." फोन हळूहळू काठीवरून सरकत गेला आणि एका जागी थांबला. तिथं विणीत एक बारीक फुगवटा होता, ओबडधोबड. "ही कुणाची सांग."

मी चष्मा पुसला. नायनाची गाठ अशी नसते, अन्नाचीही नाही. "माझी," मी म्हटलं. "बटाटा."

"तो म्हणाला होता, दिसेल म्हणून." अन्ना हसायला लागला आणि मग त्याला ठसका लागला. फोन हलला, छत दिसलं, पुन्हा त्याचं तोंड दिसलं, म्हातारं, बिटासारखं लाल. मग मी नेहमीचं विचारलं, "जेवलास का?"

"बटाटे उकडलेत," तो म्हणाला. मग फोन जवळ घेत, "आणि तू गं, अंबू? तू जेवलीस?"

मी जेवले नव्हते. कालपासूनच जेवले नव्हते, एकटीसाठी चूल पेटवावीशी वाटत नाही. कुणी विचारलं असतं तर "झालं की" म्हणून सांगितलं असतं, तशी सवयच आहे. त्याला खरं सांगितलं.

"मग जा, भाकरी टाक," अन्ना म्हणाला. "फोन चालू ठेव. तिथं चुलीशी टेकवून ठेव मला. मी बसतो."